पित्ताशयाचा कॅन्सर: पेशंट वाढले, दर घटला, हे दोन्ही एकदम कसं?

मराठीत पित्त हा शब्द आपण फार राबवलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आणि ज्या पिशवीत खरंखुरं पित्त साठतं त्या पित्ताशयाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, ते दुखायला लागलं तरी ॲसिडिटी समजून गोळी घेऊन माणूस झोपतो. या गोंधळाचा आजच्या विषयाशी संबंध आहे, पुढे कळेलच.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली पेरूच्या नाही तर नासपतीच्या आकाराची छोटी पिशवी, लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर, त्यात ३० ते ५० मिली पित्त मावतं. पित्त यकृतात तयार होतं, इथे साठून घट्ट होतं आणि आपण काही तेलकट-तुपकट खाल्लं की ही पिशवी आकसून ते आतड्यात सोडते. एवढंच काम. काढून टाकली तरी माणूस व्यवस्थित जगतो, फक्त पित्त साठण्याऐवजी थेट आतड्यात ठिबकत राहतं.

आता या पिशवीचा कॅन्सर. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार (हे अंदाज जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था काढते, त्याला ग्लोबोकॅन म्हणतात) वर्षभरात जगात सुमारे १ लाख २२ हजार नवे पेशंट आणि सुमारे ८९ हजार मृत्यू. मोठ्या कॅन्सरांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण दोन्ही संख्या शेजारी ठेवून बघा. जितके नवे सापडतात त्याच्या पाऊणपट जवळपास दरवर्षी जातात. सगळे त्याच वर्षी सापडलेले असतात असं नाही, पण या आजाराला किती कमी लोक पुरून उरतात याचा अंदाज यायला एवढं पुरे. आणि तीन पेशंटमागे जवळपास दोन बायका असतात.

मग हा वाढतोय की कमी होतोय? इथेच खरी गंमत आहे, कारण उत्तर तुम्ही कुठला आकडा उचलता त्यावर ठरतं.

पहिला सापळा सांगतो. ग्लोबोकॅनचाच २०१८ चा आकडा बघितला तर नवे पेशंट जवळपास २ लाख १९ हजार होते. आणि २०२० चा आकडा? सुमारे १ लाख १६ हजार. दोन वर्षांत कॅन्सर निम्म्यावर आला! कुणी या दोन आकड्यांवर बार काढून ग्राफ केला तर पेढे वाटावेसे वाटतील. प्रत्यक्षात झालं असं की आजारांना जे कोड नंबर असतात त्यातले दोन कोड २०१८ मध्ये एकत्र मोजले होते, एक पित्ताशयाचा आणि एक पित्तनलिका वगैरे भागाचा, आणि २०२० मध्ये फक्त पित्ताशयाचा ठेवला. म्हणजे पेशंट तेवढेच, डबा बदलला. म्हणून या विषयावरचा कुठलाही ट्रेंड वाचताना मी सगळ्यात आधी बघतो की डब्यात काय काय धरलंय, कारण काही अभ्यास फक्त पित्ताशय मोजतात, काही सोबत नलिका पण मोजतात, आणि दोघांचे आकडे एका ओळीत लावले की सगळा गोंधळ.

दुसरा सापळा जास्त बारीक आहे. जगातल्या आजारांचा हिशोब ठेवणारा दुसरा एक मोठा प्रकल्प आहे, ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज नावाचा, त्यात पित्ताशय आणि पित्तनलिका एकत्रच मोजतात. त्यांच्या हिशोबाने १९९० ते २०१७ या काळात नव्या केसेस सुमारे ७६ टक्क्यांनी वाढल्या आणि मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी. ऐकायला भयंकर. पण त्याच रिपोर्टात पुढे लिहिलेलं असतं की वय-प्रमाणित दर मात्र कमी झाला. हे वाचून माणूस म्हणतो एक काहीतरी ठरवा बाबा.

तर वय-प्रमाणित दर म्हणजे काय ते आधी बघू. हा मुख्यतः म्हातारपणाचा कॅन्सर आहे, साठी-सत्तरीत जास्त. समजा एका देशात म्हातारी माणसं भरपूर आहेत आणि दुसऱ्यात सगळी तरुण पोरं, तर पहिल्या देशात पेशंट जास्त दिसणारच, त्यात तिथल्या हवापाण्याचा काही दोष नाही. म्हणून आकडेवारीवाले काय करतात, एक काल्पनिक लोकसंख्या धरतात ज्यात प्रत्येक वयाची माणसं ठरलेल्या प्रमाणात आहेत, आणि म्हणतात की या देशाचे वयवार दर त्या काल्पनिक लोकसंख्येला लावले तर लाखामागे किती केसेस येतील. ही काल्पनिक लोकसंख्या जपानच्या मित्सुओ सेगी यांनी १९६० च्या सुमारास मांडली, पुढे रिचर्ड डॉल आणि मंडळींनी ती थोडी सुधारली, आणि आजही कॅन्सरचे आंतरराष्ट्रीय दर बहुतेक तिच्यावरच काढतात. साठ वर्षं जुनी मोजपट्टी, पण सगळे तीच वापरतात म्हणून तुलना तरी जमते.

आता परत त्या ७६ टक्क्यांकडे या. १९९० मध्ये जगाची लोकसंख्या सुमारे ५३० कोटी होती, २०१७ मध्ये ७५० कोटींच्या पुढे. म्हणजे नुसती डोकी वाढली म्हणूनच केसेस ४० टक्क्यांच्या वर वाढायला हव्या होत्या, त्यात उरलेली माणसं जास्त जगायला लागली, म्हातारी झाली, त्याची भर वेगळी. या दोन गोष्टी काढून टाकल्या तर समान वयाच्या माणसाला हा कॅन्सर व्हायचा धोका जगभराच्या सरासरीत थोडा कमीच झालाय. दोन्ही वाक्यं खरी आहेत. हॉस्पिटल चालवणाऱ्याला पहिलं वाक्य महत्त्वाचं, कारण बेड खऱ्या माणसांना लागतात, काल्पनिक लोकसंख्येला नाही. कारण शोधणाऱ्याला दुसरं.

मग दर कमी का झाला? औषधं सुधारली म्हणून? नाही, औषधाने फार तर मृत्यू कमी होतील, नव्या केसेस कशा कमी होणार. इथे खड्यांची गोष्ट सुरू होते, आणि माझ्या मते या कॅन्सरच्या ग्राफची अर्धी गोष्ट खड्यांचीच आहे.

या कॅन्सरच्या बहुतेक पेशंटच्या पित्ताशयात खडे सापडतात, वेगवेगळ्या अभ्यासांत ७० ते ९० टक्के. उलट बाजूने बघितलं तर खडे असलेल्या शंभर माणसांत कॅन्सर होतो एक ते तीन जणांना, कमीच म्हणा. हे दोन आकडे लोक कायम एकमेकांत मिसळतात आणि सोनोग्राफीत खडा दिसला की हातपाय गार पडतात. बाकीच्यांचे खडे आयुष्यभर गपचूप पडून असतात. पण खडा मोठा असेल, ३ सेंटिमीटर किंवा जास्त, तर धोका १ सेंटिमीटरच्या आतल्या खड्यापेक्षा साधारण दहापट असतो असं १९८३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं आणि ते अजून सगळीकडे सांगितलं जातं.

खडा आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं घासतो, सूज येते, जाते, परत येते. अस्तराच्या पेशी आधी रूप बदलतात, मग बिघडतात, मग त्यातल्या काही बेलगाम होतात. बिघडलेल्या पेशींपासून पसरणाऱ्या कॅन्सरपर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण ट्रेंडच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आज जो दर दिसतोय तो आजच्या परिस्थितीचा नाही, पंधरा-वीस वर्षांपूर्वी लोकांच्या पोटात काय होतं आणि ते काढलं की नाही, त्याचा आहे.

काढणं कधी सुरू झालं? १५ जुलै १८८२ ला बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जनने ४३ वर्षांच्या एका माणसाचं अख्खं पित्ताशय काढलं. त्याआधी लोक पिशवी उघडून नुसते खडे काढायचे आणि खडे परत व्हायचे. लांगेनबुखचं म्हणणं सरळ होतं, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे तर पिशवीच खडे बनवते म्हणून ती काढायची. पुढची शंभर वर्षं हे पोट उघडून करायचं मोठं ऑपरेशन होतं. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे आणि १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी दुर्बिणीने केलं आणि मग काय, लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जायला लागले, ऑपरेशनची भीती गेली आणि बऱ्याच देशांत पित्ताशय काढायचं प्रमाण वाढलं.

आणि ज्याचं पित्ताशय गेलं त्याला पित्ताशयाचा कॅन्सर कसा होणार! हे ऐकून हसू येतं पण आकड्यांत ते दिसतं. १९८१ मध्येच डील आणि बेरल या दोघा संशोधकांनी काही पाश्चात्य देशांचे आकडे लावून दाखवलं होतं की जिथे पित्ताशय काढायचं प्रमाण वाढलं तिथे या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले. युरोपातल्या बऱ्याच देशांत नंतरच्या काळात मृत्युदर खाली आला, मध्य युरोपात, म्हणजे हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया या पट्ट्यात तो मुळातच वर होता.

उलटा प्रयोग चिलीत झाला, कुणी मुद्दाम केला नाही, आपोआप झाला. चिली हा या कॅन्सरच्या बाबतीत जगात कायम वरच्या यादीतला देश. तिथे एका काळात पित्ताशयाची ऑपरेशनं कमी झाली आणि पाठोपाठ १९८० च्या दशकात या कॅन्सरचे मृत्यू वाढत गेले, १९९० मध्ये चिलीच्याच डॉक्टरांनी हा संबंध छापून मांडला. पुढे सरकारने हे इतकं मनावर घेतलं की २००६ पासून ३५ ते ४९ वयातल्या, खड्यांचा त्रास असणाऱ्या लोकांचं पित्ताशय कॅन्सर टाळण्यासाठी काढणं हे कायद्याने हमी दिलेल्या उपचारांच्या यादीत घातलं. असा निर्णय घेणारे देश जगात फार नाहीत. चिलीतला मृत्युदर गेल्या काही दशकांत उतरलाय, त्यात या योजनेचा वाटा नक्की किती यावर वाद घालता येईल, कारण उतार आधीच लागला होता आणि वर सांगितलेली पंधरा वर्षांची दिरंगाई पण आहेच.

इथे एक छोटी तांत्रिक गंमत. दर काढताना खाली भागायला सगळी लोकसंख्या घेतात. त्यात ज्यांचं पित्ताशय काढलंय ते पण असतात. म्हणजे एखाद्या देशात साठीच्या पुष्कळ बायकांचं पित्ताशय गेलेलं असेल तर ज्यांच्याकडे ते अजून आहे त्यांचा खरा धोका छापलेल्या दरापेक्षा जास्त असणार. दोन देशांचे दर सारखे दिसले तरी आतली गोष्ट वेगळी असू शकते.

मग सगळ्यांचीच काढा ना? नाही हो. शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना विनाकारण भूल आणि ऑपरेशन, त्यात कधीतरी पित्तनलिकेला इजा होते आणि ती दुरुस्त करणं फार किचकट काम. म्हणून त्रास नसलेल्या साध्या खड्याला बहुतेक ठिकाणी हात लावत नाहीत. मोठा खडा, १ सेंटिमीटरच्या वरचा पॉलिप (म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेली छोटी गाठ), पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असणं, अशा वेळी डॉक्टर काढायचा विचार करतात. पित्ताशयाच्या भिंतीत चुना साचून ती कडक होते, त्याला पोर्सेलिन म्हणतात, तिचा धोका पूर्वी फारच मोठा सांगायचे, नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी निघाला. तो आहे, पण घाबरवायचे तेवढा नाही.

आता नकाशा. हा कॅन्सर जगात इतका असमान पसरलाय की बघून चक्रावायला होतं. बोलिव्हिया, चिली, पेरू हा अँडीज पर्वताचा पट्टा, उत्तर भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानचा काही भाग, आणि जपान-कोरिया. उलट उत्तर-पश्चिम युरोपात तो दुर्मिळ. २००६ मध्ये जगभरच्या नोंदी तपासून केलेल्या एका आढाव्यात सगळ्यात वर दिल्लीच्या बायका होत्या, लाखामागे २१.५, मग दक्षिण कराची १३.८, मग इक्वेडोरची राजधानी किटो १२.९. आणि त्याच भारतात दक्षिणेत गेलात की दर धाडकन खाली. एकाच देशात गंगेच्या खोऱ्यात आणि आसामच्या काही भागात भरपूर, चेन्नईला अगदी कमी.

खडे हे एक कारण झालं. अमेरिकेतल्या पिमा या मूळनिवासी समाजात १९७० च्या एका अभ्यासात २५ ते ३४ वयातल्या जवळपास तीन चतुर्थांश बायकांच्या पित्ताशयाला खड्यांचा आजार होता, एवढ्या तरुण वयात! चिलीत मापुचे या मूळनिवासी वंशाचा हिस्सा जितका जास्त तितका धोका जास्त दिसतो. म्हणजे जीन्सचा हात आहे. २०१७ मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर भारतीय पेशंटचे जीनोम तपासले तेव्हा पित्तात चरबी सोडण्याचं काम करणाऱ्या दोन जीन्सच्या (एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४) भागात धोक्याशी जोडलेले बदल सापडले. पण जीन्स पन्नास वर्षांत बदलत नाहीत, दर बदलतात, तेव्हा जीन्स नकाशा समजावतात, ट्रेंड नाही.

ट्रेंडसाठी बदलणाऱ्या गोष्टी बघायला हव्यात. टायफॉइड एक. काही लोक टायफॉइडमधून बरे होतात पण जंतू पित्ताशयात खड्यावर थर करून वर्षानुवर्षं राहतो, आणि अशा लोकांत हा कॅन्सर जास्त दिसतो. स्वच्छ पाणी आणि चांगली अँटिबायोटिक्स आली की हे कमी होतं. अफ्लाटॉक्सिन दुसरं, धान्या-मिरच्यांवर बुरशी आली की तयार होणारं विष, चिली आणि शांघायच्या पेशंटच्या रक्तात त्याच्या खुणा जास्त सापडल्या. जमिनीतल्या पाण्यातलं आर्सेनिक, त्याचे धागे गंगेच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तपासले जातायत. आणि लठ्ठपणा, जो उलट दिशेने खेचतोय, कारण वजन वाढलं की पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, खडे वाढतात, आणि खड्यांशिवायही थोडा धोका वाढतो. बायकांत जास्त का याचं उत्तर पण बरंचसं हॉर्मोन्समध्ये आहे, इस्ट्रोजेन पित्तात कोलेस्टेरॉल वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन पिशवीचं आकसणं मंद करतं, त्यामुळे गरोदरपणात खडे व्हायची शक्यता वाढते. जपान-कोरियात मात्र बाई-पुरुष हा फरक फारसा नाही.

मृत्यूंकडे येऊ. या कॅन्सरच्या ग्राफमध्ये नव्या केसेसची रेघ आणि मृत्यूंची रेघ जवळजवळ हात धरून चालतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसं नसतं, तिथे बऱ्याच देशांत केसेस वर गेल्या आणि मृत्यू खाली आले, दोन रेघांमध्ये मोठी फट पडली. इथे फट पडतच नाही. कारण एक तर रचनाच वाईट. आतड्याच्या भिंतीत जे थर असतात त्यातला एक पित्ताशयाच्या भिंतीत नसतोच, भिंत पातळ, आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला वरचं आवरणही नाही, म्हणजे कॅन्सरला यकृतात शिरायला मध्ये अडसरच नाही. दुसरं, लक्षणं. उजव्या बाजूला दुखणं, जेवण नकोसं होणं, मळमळ. सुरुवातीला सांगितलं तेच, पित्त झालंय. कावीळ होते, वजन उतरतं, तोवर बहुतेकांचं ऑपरेशनच्या पलीकडे गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या आकड्यांत कॅन्सर पिशवीपुरताच असताना सापडला तर पाच वर्षं जगणारे ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास, आणि लांबच्या अवयवात पसरल्यावर सापडला तर ३ टक्के. आणि अगदी वरच्या थरातला असेल तर नुसतं पित्ताशय काढूनच जवळपास सगळे बरे होतात. असा वरच्या थरातला सापडतो कधी? बहुतेक वेळा योगायोगाने, खड्यांसाठी म्हणून काढलेली पिशवी पॅथॉलॉजिस्टकडे जाते आणि तिथून रिपोर्ट येतो. म्हणून काढलेली पिशवी तपासायला पाठवली का हे विचारायला लाजू नये, रिपोर्ट हातात घ्यावा आणि वाचावा.

औषधांनी काय केलं? दिल्लीच्या एम्सने २०१० मध्ये एक ट्रायल छापली, ऑपरेशन शक्य नसलेल्या पेशंटना नुसती लक्षणांवरची काळजी दिली तर मधला आयुष्यकाळ (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगतात तो काळ) ४.५ महिने, जेमसिटाबीन-ऑक्झालिप्लॅटिन ही किमोची औषधं दिली तर ९.५. त्याच वर्षी ब्रिटनची ट्रायल, पित्तमार्गाचे सगळे कॅन्सर धरून, जेमसिटाबीन एकट्याने ८.१ महिने आणि सोबत सिसप्लॅटिन हे किमोचंच दुसरं औषध दिलं तर ११.७. मग २०२२ मध्ये त्यात इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं) ड्युर्व्हालुमॅब घातलं आणि ११.५ वरून १२.८. एखाद्या घरासाठी ते महिने लाखमोलाचे असतात, त्यावर मी काही बोलणार नाही, पण लोकसंख्येच्या ग्राफवर ही सुधारणा दिसायला भिंग लागेल. ग्राफ खाली आणला तो सर्जनने, आणि तोही कॅन्सर होण्याच्या आधी.

सगळीकडे उतार आहे असंही नाही. अमेरिकेत एकूण दर उतरला पण काळ्या लोकांत वाढला. जपानमध्ये आधी चढला आणि मग उतरला. दिल्लीच्या नोंदणीत बायकांचा दर काही दशकं वर जातोय, त्यात खरी वाढ किती आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन घराजवळ आल्यामुळे पूर्वी "पोटात गाठ" किंवा "यकृताचा कॅन्सर" म्हणून नोंदलं जायचं ते आता बरोबर खात्यात पडायला लागलं असं किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. भारताची कॅन्सर नोंदणी मुळात १९८२ पासून पद्धतशीर सुरू झाली आणि ती सगळा देश व्यापत नाही, तेव्हा खेड्यातल्या ज्या बाईचं निदानच झालं नाही ती कुठल्याच रेघेत नाही.

आणि म्हणून एखाद्या भागात जेव्हा दुर्बिणीची ऑपरेशनं नव्याने वाढतात तेव्हा पहिली काही वर्षं ग्राफ वरच जाईल, कारण काढलेल्या पिशव्यांतून लपलेले कॅन्सर बाहेर येतात आणि मोजले जातात. ते बघून कुणीतरी बातमी करेल की ऑपरेशनं वाढली आणि कॅन्सरही वाढला. त्या वेळी बघायचं ते सापडलेल्यांपैकी किती वरच्या थरातले आहेत ते, ती रेघ आधी हलते, मृत्यूंची रेघ हलायला अजून बरीच वर्षं जातात.